शेवटचे कडवे : जुन्नर-आंबेगाव परिसरातील नव्या गीतांचा शोध व प्रसार

छापखान्याच्या आश्रयावाचून पसरणाऱ्या गीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास दोन प्रश्न टाळता येत नाहीत. नवे गीत श्रोत्याला प्रथम कोठे सापडते, हा एक. आणि अनेक कंठांतून फिरताना त्याच्या कर्त्याचे नाव टिकते की गळते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा विचार लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी कमीअधिक प्रमाणात केलेला आहे. दुसरा मात्र ‘अज्ञात लोककवी’ या सोयीस्कर शब्दांनी बहुधा मिटविला जातो. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील तमाशाची परंपरा पाहता हा शब्दप्रयोग पुष्कळदा चुकीचा ठरतो. या परंपरेतील कवी अज्ञात नव्हता. त्याने आपले नाव गीतातच गुंफून ठेवले होते. ते गळाले असेल तर पुढे गळाले, आणि त्यास ध्वनिमुद्रणाची साधने बऱ्याच अंशी कारणीभूत झाली.

या प्रदेशाची जागाच गीतांच्या वाहतुकीस अनुकूल आहे. सातवाहनांच्या काळी नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या मालाचे जुन्नर हे मोठे ठाणे होते, हे सर्वश्रुत आहे. अलीकडच्या शतकांत महत्त्व आले ते पुणे-नाशिक रस्त्यास. आंबेगाव तालुक्यातील मंचर, जुन्नर तालुक्यातील नारायणगाव, त्यापुढे संगमनेर व सिन्नर अशी ही वाट आहे. संगमनेर हे अनंत फंदीचे (१७४४–१८१९) गाव. सिन्नरच्या परिसरात शाहीर परशराम (१७५४–१८४४) होऊन गेला, आणि त्याच सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) जन्मले. एकाच रस्त्यालगत दोन शतकांच्या अंतराने असे कवी निपजावेत, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा भाग नाही. बाजार, यात्रा आणि फडांचे मुक्काम या वाटेवर होते. म्हणून गीतास गिऱ्हाईकही येथेच होते.

नारायणगावास ‘तमाशाची पंढरी’ म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास निरनिराळ्या फडांच्या राहुट्या तेथे रस्त्यालगत उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीसमोर फडाच्या नावाचा फलक असतो, आत व्यवस्थापक वही घेऊन बसतो, आणि चैत्र-वैशाखातील ग्रामदैवतांच्या यात्रांसाठी गावोगावची पंचमंडळी सुपारी ठरविण्यास येतात. इसार दिला की तारीख पक्की. बाहेरून पाहणाऱ्यास हा निव्वळ व्यवहार वाटतो. वस्तुतः नव्या गीतांचा शोध घेण्याची ती एक जुनी संस्था आहे. गावकरी एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जातात. यंदा वग कोणता, गायला कोण, ढोलकीला कोण, मागच्या साली शेजारच्या गावी कोणता फड गाजला, या सर्व गोष्टींची चौकशी होते. ज्यांच्या मतावर गाव विसंबते अशी दोन-तीन जाणती माणसे या मंडळींत असतात. त्यांना वाचनाचा व्यासंग असेलच असे नाही, परंतु कोणती चाल कोणाची आणि कोणती उचललेली, हे ती ऐकताच सांगतात. २०२० साली पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. त्या हंगामात यात्राच झाल्या नाहीत. फडांचे नुकसान उघड दिसले. नवे गीत गावांपर्यंत नेणारी वाट खुंटली, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

यात्रेच्या गावी पुढचे काम होते. रात्री गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा क्रम चाले, तो अनेकदा पहाटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी फड हजेरी देई. हजेरीस फर्माइशीला अधिक वाव असे. रात्री ऐकलेली लावणी पुन्हा म्हणवून घ्यावयाची ती याच वेळी. ज्यास गीत पाठ करावयाचे असेल त्याचा खरा वर्ग हजेरीस भरे, असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय श्रोत्यांत केवळ स्थानिक लोक नसत. या तालुक्यांतील पुष्कळ माणसे मुंबईत डबे पोहोचविणे, गोदीतील वा बाजारातील हमाली आणि गिरणीकाम यांवर उपजीविका करीत, आणि यात्रेस गावी येत. मुंबईचे डबेवाले अद्यापि चैत्रात काही दिवस काम बंद ठेवून गावच्या यात्रेस जातात. लालबागच्या हनुमान थिएटरात किंवा पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात ऐकलेले गीत अशा माणसांबरोबर गावी येई, आणि गावच्या यात्रेतील गीत परत शहरी जाई.

गीत टिकविण्याचे साधन म्हणजे बाड. हस्तलिखित वहीत निरनिराळ्या कवींच्या लावण्या, गौळणी, भेदिक कवने एकापुढे एक उतरविलेली असत. आवडीनुसार निवड, आवडीनुसार क्रम आणि मालक एकच, असे बाडाचे स्वरूप होते. अशा बाडांच्या व शाहिरांच्या तोंडून मिळालेल्या सामग्रीच्या आधारेच ॲक्वर्थ व शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये निघाला. परंतु बाड सर्वांस खुले नसे. कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या भेदिक शाहिरांत सवाल-जवाब होत. कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व मांडीत, तुरेवाले शिवाचे. प्रतिपक्षाने पूर्वी न ऐकलेले कवन हेच तेथे शस्त्र होते, आणि शस्त्र म्यानात ठेवावे लागते. म्हणून एकीकडे गीत पसरावे ही इच्छा, दुसरीकडे ते वेळेपूर्वी फुटू नये ही दक्षता, अशी ओढाताण या परंपरेत प्रारंभापासून दिसते.

तिच्यातून नाममुद्रेचे महत्त्व लक्षात येते. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव, कधी गुरूचे, कधी गावाचे नाव घालतो. संतांच्या अभंगांतही ही रीत आहे. पण तेथे ती भक्ताची विनवणी असते, येथे ती मालकीची खूण आहे. पठ्ठे बापूराव ही मुद्रा इतकी प्रभावी ठरली की श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे मूळ नाव अभ्यासकांनाच तेवढे ठाऊक उरले. ‘होनाजी बाळा’ या जोडनावात तर होनाजी हा रचणारा आणि बाळा हा गाणारा, अशी दोघांची नोंद एकत्र झालेली आहे. भाषिकदृष्ट्या पाहता या जोडनावाचा वारसा आजच्या फडांच्या फलकांवरील ‘सह’ या शब्दाकडे आलेला दिसतो : ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ किंवा ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे करवडीकर’. हे अव्यय तेथे केवळ सोबत दाखवीत नाही; नाते, वारसा आणि गाव यांची ती संक्षिप्त सनद आहे.

या प्रकाराचे विलक्षण जुळणारे उदाहरण फार दूरच्या एका वस्तीत सापडते, आणि ते येथे पाहणे उपयोगी आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकात जन्मलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क याने एका घरगुती मेळाव्यात तबकड्या वाजविल्या. हिपहॉप या संगीतप्रकाराचा आरंभ तेथून धरतात. हर्क आपल्या तबकड्यांवरील नावाची चिठ्ठी पाण्यात भिजवून काढून टाकी. प्रतिस्पर्ध्यास गीताचा सुगावा लागू नये, हा हेतू. कलगीतुऱ्याच्या शाहिरास हे वर्तन मुळीच चमत्कारिक वाटले नसते. पुढील सहा वर्षे या संगीताच्या तबकड्या जवळजवळ निघाल्याच नाहीत. मेळाव्यांत ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटी हातोहात नकलून पसरत. निवडक गीते एका फितीवर जुळवून देण्याची जी मिक्सटेप नावाची रीत पुढे रूढ झाली, तिचे मूळ या फितींत आहे. तिला ध्वनिफितीवरील बाड म्हणता येईल.

१९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघाली आणि हा प्रकार जगभर पोहोचला. तीत गाणाऱ्या तिघांपैकी बिग बँक हँक हा पिझ्झाच्या दुकानात काम करीत असता एका कॅसेटीबरोबर म्हणत होता. तेथेच त्याची निवड झाली. त्याने तबकडीसाठी म्हटलेले पद्य ग्रँडमास्टर कॅझ या कवीच्या वहीतील होते. कॅझचे पूर्वीचे नाव कॅसानोव्हा फ्लाय. आणि त्या नावाची अक्षरे पद्यात जशीच्या तशी राहिली. म्हणजे हँक सर्व जगासमोर दुसऱ्याची नाममुद्रा उच्चारीत होता. कॅझला मोबदला मिळाला नाही, तबकडीवर नावही आले नाही. परंतु पद्य कोणाचे हे त्या मुद्रेवरून जाणत्यांना तत्काळ कळले. नाममुद्रा म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांस समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण मराठी वाङ्मयातही सहजासहजी मिळणार नाही.

आपल्याकडे मात्र ध्वनिमुद्रणाचा परिणाम वेगळा झाला. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गीत मावे. पाच-सहा कडव्यांची लावणी त्यात बसवावयाची तर काही कडवी वगळणे भाग होते, आणि साहजिकच शेवटचे कडवे, म्हणजे मुद्रेचे कडवे, सर्वांत असुरक्षित होते. त्याची जागा चिठ्ठीवरील गायिकेच्या व कंपनीच्या नावाने घेतली. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. लोकगीतांच्या प्रसारास त्याने मोठा हातभार लावला, परंतु ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली अनेक कर्ते झाकले जाण्याची सवय अशा प्रसारणांतूनच दृढ झाली.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आपल्या खेड्यांत रुजली ती १९८० च्या दशकात. पीटर मॅन्युएल याने ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताविषयी जे दाखविले, ते पुष्कळसे येथेही लागू पडते : एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक बोलीतील गीतांस बाजारपेठ मिळाली. भीमगीते, भक्तिगीते, लावण्या आणि वग यांच्या कॅसेटी यात्रेतील दुकानांत, मंडपाच्या कर्ण्यावर, जीपगाडीत ऐकू येऊ लागल्या. वामनदादांची गीते पुष्कळ गायकांनी गायिली. ती ‘वामन’ या मुद्रेमुळे ओळखू येतात. ज्यांच्या मुद्रा छाटल्या गेल्या त्यांच्याबाबत असा निर्णय करणे आज दुरापास्त झाले आहे.

कायद्याचे पाठबळही उशिरा आले. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने गीतकार व संगीतकार यांचा हक्क मानला. गाणाऱ्या वा नाचणाऱ्या कलावंताचा स्वतंत्र हक्क त्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. कॅसेटींच्या भरभराटीचा काळ तोपर्यंत बराच उलटून गेला होता. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचा उमेदीचा काळ तर त्याही आधीचा. आजोबा नारायण खुडे, वडील भाऊ व चुलते बापू यांच्या फडाची परंपरा त्यांनी चालविली, राष्ट्रपतींकडून गौरव झाला, आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्यांच्या नावाने राज्य शासन पुरस्कार देते. गौरवाच्या प्रसंगी नाव घेणे आणि गीत वाजते त्या प्रत्येक वेळी नावाचा हिशेब ठेवणे, या दोन गोष्टींत असलेले अंतर त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. फडात दौलतजादा करणाऱ्याचे नाव मात्र रोख रकमेसह पुकारले जाई, हे येथे सहज आठवते.

अलीकडच्या मराठी रॅपगीतांत नाममुद्रा पुन्हा अवतरलेली आढळते. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटातील एमसी मवाली मराठीतून रचना करतो. पुण्याच्या ताडीवाला रोड वस्तीतील एमसी स्टॅन याचा ‘तडीपार’ हा संग्रह २०२० मध्ये निघाला. पद्यात स्वतःचे व वस्तीचे नाव घालणे हे या प्रकाराचे एक ठळक लक्षण आहे. गीत सापडते ते आता भ्रमणध्वनीवर, कोणीतरी पुढे पाठविल्यामुळे. मुद्रेस जोखीमही असते : एप्रिल २०२३ मध्ये राजकीय आशयाच्या मराठी रॅपगीतांवरून महाराष्ट्रात गुन्हे नोंदविले गेले, तेव्हा कर्ता कोण याचा शोध रसिकांना नव्हे, पोलिसांना हवा होता.

संशोधनाच्या दृष्टीने अधिक निकडीचे काम निराळे आहे. यात्रेत स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेल्या फिती खेड्यांतील घराघरांतून पडून असतात. त्यांवरील चुंबकीय लेप झडतो, बुरशी धरते. त्यांत केवळ गाणी नसतात. ऐन वेळी सुचलेली बतावणी, सोंगाड्याचे स्थानिक बोलीतील टोमणे, दौलतजाद्याच्या पुकाऱ्यातील माणसांची व गावांची नावे, म्हणजे कोणत्याही छापील वगात न येणारी भाषा त्यांत आहे. अशा फितींची सूची करताना वेष्टनावरील हस्ताक्षरातील चिठ्ठी उतरून घेण्याचा मोह होतो. ती चिठ्ठी बहुधा फडाचे व यात्रेचे नाव सांगते; कवीचे नाव असलेच तर ते शेवटच्या कडव्यात असते. तेव्हा प्रत्येक फीत दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकून, मुद्रेचे कडवे प्रथम उतरून घ्यावे आणि मगच ‘कर्ता’ हा रकाना भरावा.