कौलं परतणारी माणसं

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा मृग लागायला चार दिवस उरले होते. टाळेबंदी चालू होती. दापोली-मंडणगडच्या आमच्या पट्ट्यात काही घरांची शाकारणी झालेली, काहींची माणसं न मिळाल्याने राहिलेली. वाऱ्याने असा काही भेद केला नाही. संध्याकाळी बाहेर पडलो तेव्हा आमच्या आळीत उभं राहून अर्धं गाव दिसत होतं, कारण मधली झाडंच उरली नव्हती.

त्या रात्रीपासून पुढच्या पंधरा दिवसांत मी जे पाहिलं, त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. आळीत तीन तऱ्हेची छपरं होती. ज्यांच्या घरावर सिमेंटचे पत्रे होते ते सगळ्यात हवालदिल झाले. पत्रा फुटला की फुटला, त्याचा तुकडा कामाचा नाही, आणि दुकानं बंद. ज्यांचा स्लॅब होता त्यांचं घर राहिलं, पण गच्चीवर गळती थांबवायला घातलेला लोखंडी मांडव उडून दुसऱ्याच्या वाडीत पडला. आणि कौलारू घरवाले? त्यांची कौलं उडाली, फुटली, अंगणात खच पडला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते खचातून धड कौलं निवडून एकावर एक रचत होते. आमचं घर त्यांतलंच. चौथ्या दिवशी माजघर आणि स्वयंपाकघर कोरडं होतं. पडवी प्लास्टिकच्या कापडाखाली गेली आणि दिवाळीपर्यंत तशीच राहिली.

यात आमची हुशारी काही नाही. छप्परच तसं होतं. माणसाने स्वतः चढून दुरुस्त करावं असंच ते बनवलेलं. ते कसं बनलं, कुठून आलं, हे मात्र थोडं सांगण्यासारखं आहे.

आमच्याकडे घरदुरुस्तीला जुनी माणसं 'मरामत' म्हणतात. मी शाळेत उर्दूही शिकवतो आणि मराठीही, त्यामुळे असे शब्द दिसले की उचलून पाहण्याची खोड आहे. मरामत हा अरबी 'मरम्मत'. 'दुरुस्त' फारसी. मिस्त्री, चावी, बिजागरी, एवढंच काय रीपसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेली. पण वासा, आढं, पाखं, पागोळी, शाकारणी हे शब्द इथल्याच मातीतले. कारागिराबरोबर आलेले शब्द परके आणि घरच्यांनी केलेल्या कामाचे शब्द घरचे, असं मला वाटत आलंय. याला कोणी सिद्धांत समजू नये, हा मास्तराचा चाळा आहे.

मंगळुरी कौल येण्याआधी कोकणात छप्पर म्हणजे एकतर गवत-पेंढा आणि माडाच्या झापा, नाहीतर नळे. नळा म्हणजे कुंभाराचं कौल. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळती अशी नळी काढायचा, ती ओली असतानाच उभी चिरायचा, की भाजल्यावर तिची दोन कौलं व्हायची. एक रांग उताणी घालायची, तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी. ना खिळा, ना खाच. स्वतःचं वजन आणि छपराचा उतार यांच्या भरवशावर सगळं उभं. त्यामुळे मांजर धावलं तरी नळा सरके. माकडांचं तर विचारूच नका. शिवाय सुकी पानं, धूळ, शेवाळ सांध्यांत साचून पाणी उलटं आत यायचं.

म्हणून दरवर्षी वैशाखात सगळं छप्पर उतरवायचं, नळे झाडायचे, फुटके बाजूला काढायचे, किडलेल्या काठ्या बदलायच्या आणि पुन्हा रचायचं. हीच शाकारणी. याला दुरुस्ती म्हणावं की नवीन छप्पर घालणं म्हणावं, सांगता येत नाही. माझी दादी सांगायची, तिच्या माहेरी शाकारणीच्या दिवशी आळीतले सगळे पुरुष एका घरावर चढायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. मजुरी नाही, दुपारचं जेवण घरधनीणीचं. बायका खाली ओळीने उभ्या राहून नळे वर पोचवायच्या. मोहल्ल्यातल्या मशिदीची पाळी सगळ्यांत आधी लागायची. जो आला नाही त्याच्या घरावर पुढच्या वर्षी कोणी चढत नसे, हेही ती सांगायची. आपण सहकार म्हणतो त्यामागे असा साधा हिशेब असायचा.

मग मंगळुरी कौल आलं. खाचा असलेलं, एकमेकांत अडकणारं सपाट कौल मुळात मंगळूरचं नव्हे. फ्रान्सच्या आल्सास भागात आल्टकिर्श गावी जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये ते काढलं. मार्सेलच्या कारखान्यांनी ते जगभर पाठवलं. मुंबईतल्या जुन्या इमारती उतरवताना आजही मार्सेलचा शिक्का असलेली कौलं निघतात. आपल्या किनाऱ्यावर ते तयार करायला सुरुवात केली बासेल मिशनने. स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातली ही ख्रिस्ती मिशनरी संस्था १८३४ मध्ये मंगळुरात आली. धर्म बदललेल्या लोकांना जातीने आणि गावाने बाहेर टाकलं की त्यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहायचा. त्यातून मिशनने हातमाग काढले, छापखाना काढला आणि १८६५ मध्ये जेप्पू इथे, नेत्रावती नदीकाठी, कौलांचा कारखाना काढला. तो उभारणारा गेऑर्ग प्लेब्स्ट यंत्रांचा जाणकार होता. नदीकाठची चिकणमाती, डोंगरातलं लाकूड आणि दाराशी समुद्र, तिन्ही तिथे हाताशी होते. पुढे मालपे, कालिकत, फेरोक अशा ठिकाणी कारखाने निघाले, इतरांनीही काढले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. पण तोवर कौलाला गावाचं नाव कायमचं चिकटलं होतं.

ही कौलं किनाऱ्याकिनाऱ्याने शिडाच्या गलबतांतून वर सरकली. फत्तेमाऱ्या, मचवे भरभरून कौलं कोकणच्या बंदरांत उतरायची. त्या गलबतांवर तांडेल-खलाशी म्हणून आमच्या समाजातली पुष्कळ माणसं होती, आणि खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांत जुनी मंगळुरी छपरं इतकी का दिसतात याचं एक कारण मला यात दिसतं. आमच्या घराच्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का आहे. लहानपणी मी इंग्रजी अक्षरं पहिल्यांदा त्या शिक्क्यावरून ओळखायला शिकलो, तीही पालथ्या पडलेल्या कौलावर उलटी.

आता मुद्द्याची गोष्ट. मंगळुरी कौलाने शाकारणीचं काम एकदम कमी केलं. खालच्या अंगाला असलेल्या टेकूने ते रीपेला अडकतं, कडेच्या खाचेने शेजाऱ्यात बसतं. एकाचं वजन अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. सगळं छप्पर दरवर्षी उतरवण्याची गरज संपली. पण यासाठी रीपा एकसारख्या अंतरावर, सरळ, करवतीने कापलेल्या हव्यात. बांबूच्या वाकड्या काठीवर हे कौल बसत नाही. म्हणजे कुंभाराचं काम कारखान्याकडे गेलं आणि गावकऱ्याच्या हातचं सांगाड्याचं काम सुताराकडे गेलं. घरच्या माणसाकडे काय उरलं? फुटलेलं एक कौल बदलणं. पण ते मात्र पक्कं त्याच्याकडेच उरलं, आणि तेवढंच त्याला पुरेसं होतं.

ते कसं करायचं, हे मला अब्बांनी शिकवलं. पाऊस पडत असताना वर चढायचं नाही. आत बसून पाहायचं. जिथे थेंब पडतो त्याच्या नेमकं वर भोक नसतं. पाणी रीपेवरून, वाशावरून घरंगळत लांब येऊन पडतं. म्हणून ओल्या वाशाच्या कडेने वर जात जायचं आणि खडूने खूण करायची. उघडीप झाली की दिवसा माळ्यावर अंधार करून पाहायचं, उजेडाची रेघ दिसते ती जागा. मग आतूनच शिडी लावायची, वरचं कौल काठीने दोन बोटं उचलून धरायचं, फुटकं खाली ओढायचं आणि नवं तिरकं करून सरकवायचं. खाच बसली की 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर काम झालं नाही. छपरावर चढायचंच झालं तर शिडी उतारावर आडवी टाकून तिच्यावर वजन द्यायचं, आणि शेवाळलेल्या कौलावर पाऊल नाही. अब्बांचे एक चुलते हा शेवटचा नियम विसरले आणि उरलेलं आयुष्य कंबर धरून चालले. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचं कौतुक करताना अशी कंबर विसरू नये.

आणखी एक गोष्ट. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. खाच दोन सुतांनी इकडेतिकडे. म्हणून जाणता माणूस घर बांधताना शंभर-दोनशे कौलं जास्तीची घ्यायचा आणि घराच्या मागच्या भिंतीला चळत लावून ठेवायचा. त्या चळतीत विंचू असायचे, मुलांना तिकडे जायची बंदी. पण ती चळत म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांच्या दुरुस्तीची तरतूद होती, आमच्या जन्माच्या आधी कुणीतरी करून ठेवलेली. निसर्गनंतर आम्ही वाचलो ते तिच्यावर.

हे सगळं वाचून जुनं ते सोनं असं कुणाला वाटत असेल, तर घाटावरची एक गोष्ट सांगतो. बी.एड.ला माझ्याबरोबर औसा तालुक्यातला एक मित्र होता. त्याच्या गावी दगड-मातीच्या भिंती आणि वर धाबं. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. धाब्याचीही शाकारणीच म्हणायची: पावसाळ्याआधी भेगा पडलेल्या जागी नवी पांढरी माती आणून टाकायची आणि दाबायची. घरचीच माणसं ते करत. पण आम्ही जुनं काढून नवं घालतो, ते जुन्यावर नवं घालत. वर्षांमागून वर्षं थर चढत गेले; कुठे दीड फूट, कुठे दोन फूट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा झोपलेल्या माणसांवर ही सगळी माती आणि चिखलात रचलेले दगड एकदम कोसळले. जवळपास आठ हजार माणसं गेली. मित्र त्या वेळी शिकायला बाहेर होता. तो म्हणाला होता, "माझ्या आज्याने आणि बापाने दर उन्हाळ्यात पाट्या वाहिल्या ना, त्याच." यापुढे तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

म्हणून स्लॅब मागणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. आमच्याकडे सत्तरच्या दशकापासून माणसं आखातात जाऊ लागली आणि तिकडच्या पैशातून पहिली गोष्ट व्हायची ती स्लॅबचं घर. त्यात प्रतिष्ठा होती हे खरं, पण वैशाखातल्या उन्हात छपरावर चढण्यातून सुटका होती हेही खरं. ज्या घरात पुरुष वर्षातून एक महिना असतो, त्या घरात कौलं परतणार कोण? बाई चढली तर चार तोंडं बोलणार, मजूर बोलावला तर त्याची वाट पाहणार. स्लॅबने हा प्रश्न मिटवला. दहा-पंधरा वर्षं तरी. मग आतली सळई गंजून फुगते, सिमेंटचे पोपडे सुटतात, तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा आमचा पाऊस गच्चीवर तुंबतो आणि छताला ओलीचा नकाशा उमटतो. त्याला खडूने खूण करून उपयोग नाही. पाणी कुठून येतं हे इंजिनिअरलाही धड सांगता येत नाही. एका जाणकाराने आमच्या चुलतभावाच्या गच्चीवर तीन वेळा तीन प्रकारची रसायनं ओतली, तिन्ही वेळा पैसे घेतले आणि चौथ्या वेळी सांगितलं, वर पत्र्याचा मांडव घाला. आज दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही उंचीवरून पाहा, स्लॅबच्या घरांवर उतरतं पत्र्याचं छप्पर दिसेल. फिरून आलो तिथेच, फक्त आता ते छप्पर आपल्याला दुरुस्त करता येत नाही.

वादळानंतरच्या त्या चार दिवसांत आळीत कौलं बसवता येणारी किती माणसं होती, हे मी मोजलं. साठीच्या पुढचे पाच जण. त्यांतल्या तिघांना चढवत नव्हतं, ते अंगणात खुर्ची टाकून खालून ओरडत होते. चाळिशीतले मी धरून दोघे. तिशीच्या आतला एकही नाही. टाळेबंदीमुळे मुंबईहून आलेली तरणीताठी पोरं हाताशी होती, उत्साहीही होती, पण पहिल्या दिवशी त्यांनी बसवण्यापेक्षा फोडलीच जास्त. माझा धाकटा चुलतभाऊ तिसऱ्या दिवशी जमवू लागला. टक् आवाज आला की वरून हसायचा.

आमच्या घरावर आता दोन कारखान्यांची कौलं आहेत. पुढचं पाखं जुन्या शिक्क्याचं, पडवीवर दिवाळीत मिळाली ती. जिथे दोन्ही भेटतात तिथे सिमेंटची पट्टी ओढली आहे आणि ती दर पावसात एकदा तरी गळते. मोठा भाऊ कुवैतहून फोनवर म्हणतो, पाडून टाकू, मी पैसे पाठवतो. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. माझेही गुडघे आता कुरकुरतात. या मे महिन्यात मागच्या भिंतीजवळची चळत पुन्हा मोजली. जुन्या शिक्क्याची एकतीस निघाली. चार चिरलेली होती, ती बाजूला ठेवली, आणि बाकीची विंचू झाडून पुन्हा रचली.