दंडावरची खूण

ठाण्याहून डोंबिवली-कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत वरची कडी धरून उभ्या राहिलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या दंडावर एक वाटोळी, खोलगट खूण दिसते. ती देवी काढल्याची खूण. त्या खुणेचाच इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत.

पूर्वी घरात मूल तापाने फणफणले आणि अंगावर फोड उठले, की ‘देवी आल्या’ म्हणत. उशाशी कडुलिंबाचा पाला येई, घरची माणसे हात जोडून बसत. त्यांना अडाणी म्हणून हसणे आम्हांस मान्य नाही. ज्या रोगावर औषध नव्हते, त्याच्यापुढे हात जोडण्यावाचून माणसाने दुसरे काय करावयाचे?

उपाय आला तो समुद्रमार्गे. जेन्नरने १७९६ साली गोस्तनदेवीच्या लशीचा प्रयोग केला. ती लस बगदाद-बसऱ्यावरून मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस लागू पडली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी लस. पुढे एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात, अशी ती गावोगाव चालली. मुंबई शहरासाठी १८७७ साली लशीचा कायदा झाला, तर इलाख्यातील जिल्ह्यांसाठी १८९२ साली. १९६२ साली राष्ट्रीय मोहीम निघाली. १९७५ च्या मे महिन्यात देशातील शेवटचा रोगी आढळला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

रोग गेला, मग त्या खुणेचे काय उरले? आपल्या रक्तातील प्रतिपिंडे विषाणूला पेशीबाहेरच अडवितात. टी पेशी मात्र विषाणू शिरलेली पेशी हुडकून मारतात, आणि त्यांतील काही त्या शत्रूची ओळख ठेवून वर्षानुवर्षे जगतात. अमेरिकेतील ऑरेगनच्या संशोधकांनी २००३ साली असे प्रसिद्ध केले, की लस टोचून २५ ते ७५ वर्षे झालेल्यांपैकी शेकडा ९० हून अधिक लोकांत ही प्रतिकारशक्ती कोणत्या ना कोणत्या रूपाने टिकून होती. प्रतिपिंडे जवळजवळ तशीच होती; टी पेशींचे बळ मात्र ८ ते १५ वर्षांत निम्मे होत होते. म्हणजे १९६० साली कल्याणास टोचलेल्या बालकाच्या टी पेशींचे बळ, पंधरा वर्षांचा हिशेब धरला तरी, २०२० साली सोळाव्या हिश्शावर आले. पण संपले नाही. अर्थात आठवण उरली म्हणजे पूर्ण संरक्षण उरले, असे मात्र कोणी समजू नये.

आजच्या तरुणांच्या दंडावर असते ती बहुधा क्षयावरील बी.सी.जी.ची खूण. देवीची लस त्यांना मिळाली नाही, कारण तिची गरजच उरली नाही. आजोबांनी दंड पुढे केला, म्हणून नातवाचा दंड कोरा राहिला. परंतु ज्याने देवी पाहिल्या नाहीत, त्याला लस हे एक निष्कारण दुखणे वाटू लागते. आम्हांस भय वाटते ते याचेच. साठ वर्षांपूर्वीची टोचणी शरीराने जपली आहे. समाजाने ती एका पिढीत विसरावी काय? घरात ती खूण असलेले कोणी वडीलधारे असेल, तर त्यांना तिची हकीकत एकदा अवश्य विचारावी.