हिरवळीखालची हुमणी : आपल्या लॉनचा छोटासा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, तुम्ही काहीतरी इतिहासाचं लिहा" असा आग्रह सचिवांनी धरला. पहिली सभा, बोअरवेल, डांबरी रस्ता, कंपाउंड वॉल हे सगळे इतिवृत्ताच्या वहीत तारीखवार आहेच. बँकेतली नोकरी संपल्यावर बरीच वर्षे सोसायटीच्या खजिनदारीचे काम मी केले. त्या काळातली एक गोष्ट मात्र वहीत फक्त एका व्हाउचरपुरती आहे. ती सविस्तर लिहून ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

लॉन ही वस्तू मुळात आपली नाही. आमच्या वडिलांचे अर्धे आयुष्य शेतातली हराळी खणून काढण्यात गेले. त्यातलीच दूर्वा गणपतीला वाहायची, बाकीची बांधावर टाकायची. इंग्लंडात १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचे यंत्र तयार केले आणि बंगल्यापुढे एकसारखी हिरवळ राखणे सोपे झाले. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. साहेब लोक आले, बंगले आले, हिरवळही आली. मग जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी विश्रामगृहापुढे लॉन असणे ही शोभा ठरली. आपण मात्र स्वतःच्या पैशाने, चौरस फुटाच्या भावाने गवत विकत घेतले. सर्वसाधारण सभेत त्यावर केवढा गदारोळ झाला होता, ते जुन्या सभासदांना आठवत असेल!

पहिली काही वर्षे सगळे छान चालले. मग एका वर्षी गणपतीच्या सुमारास लॉन जागोजागी पिवळे पडू लागले. पाणी कमी पडते म्हणून पाणी वाढवले, युरिया टाकला, तरी पिवळे ते पिवळेच. एके दिवशी आपल्या माळीदादांनी पिवळा भाग हाताने ओढला तर सतरंजी गुंडाळावी तसे गवत सुटून वर आले. खाली मुळेच नव्हती. मातीत पांढऱ्या, जाडजूड, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या वळवळत होत्या. माळीदादा म्हणाले, "साहेब, हे उन्नी हाय. पयल्या पान्याले भुंगे निघाले, तवाच धरा लागत होते. आता काय उपेग?"

उन्नी म्हणजेच हुमणी. ऊस, भुईमूग, सोयाबीन यांची मुळे खाणारी ही अळी गवतही सोडत नाही. पीककर्जाच्या तपासणीला खेड्यापाड्यांत फिरताना हे नाव मी शंभरदा ऐकले होते, पण आपल्याच दारात ती ओळखता आली नाही. तिचे वर्ष ठरलेले असते. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून भुंगेरे निघतात, निंब, बाभूळ, बोर यांच्यावर बसून रात्रभर पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते. पहाटे मादी मातीत शिरून अंडी घालते. अळी पावसाळाभर मुळे खाते, पुढे खोल जाऊन कोष करते. नवा भुंगेरा पुढच्या पावसाची वाट पाहत जमिनीतच पडून राहतो. म्हणजे आपल्याला नुकसान दिसते तेव्हा सोपा उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असते.

तातडीची सभा झाली. एका गटाचे म्हणणे, निंबच तोडा, म्हणजे भुंगेरे येणार नाहीत. ही झाडे सोसायटी स्थापनेच्या वर्षी आपणच लावलेली! शिवाय १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय शहरात झाड तोडता येत नाही. आणि भिंतीपलीकडच्या बाभळींचे काय करणार? तो ठराव बारगळला. दुसरा ठराव औषधाचा. तो एकमताने मंजूर झाला. दाणेदार फोरेट आणले, लॉनवर फेकले, पाणी सोडले. व्हाउचरवर सही माझी.

दोन दिवस तो उग्र वास गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लॉनवर सात साळुंक्या मरून पडलेल्या दिसल्या. माती उकरून अळ्या खाणारा तोच तर आपला फुकटचा नोकर! पहिल्या मजल्यावरची एक चिमुरडी मला म्हणाली, "आजोबा, यांना कोणी मारलं?" मला उत्तर देता आले नाही. मुलांना महिनाभर लॉनवर जाऊ दिले नाही. हुमणी त्या वर्षी कमी झाली हे खरे, पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो. कळले की जगानेही हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर केली आहे. अमेरिकेत १९१६ साली न्यू जर्सीत जपानी भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्यांनी तिथली लॉन आणि गोल्फची मैदाने पोखरली. १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी शोधला, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे १९५३ पासून मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारले गेले. लहानपणी भिंतीवर पडलेले ते पांढरे डाग मला आठवतात. त्याने मलेरिया खूप कमी झाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण भुंगेऱ्यांसाठी अमेरिकेत विमानातून आल्ड्रिन टाकले तेव्हा पक्षी मेले. ते १९६२ साली रेचल कार्सन यांनी पुस्तकातून जगापुढे मांडले. भारतात आल्ड्रिन १९९६ मध्ये आणि बीएचसी १९९७ मध्ये बंद झाले. आपण वापरलेल्या फोरेटचा वापर २०२० च्या अखेरीस थांबवण्यात आला. म्हणजे आपण केले ते तेव्हा कायदेशीर होते. पण कायदेशीर म्हणजे योग्य असे नव्हे, हे चाळीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला तरी कळायला हवे होते.

दुसरा मार्गही जुनाच आहे. १८७९ साली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने धान्यावरच्या भुंगेऱ्याला मारणारी एक हिरवी बुरशी अभ्यासली. तीच मेटारायझियम. आज आपली कृषी विद्यापीठे हुमणीसाठी तिची शिफारस करतात. १९२९ साली न्यू जर्सीतल्याच एका गोल्फ मैदानावर या अळ्यांना मारणारे सूक्ष्म सूत्रकृमी सापडले. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात तर गावेच्या गावे भुंगेरे गोळा करण्याच्या मोहिमा काढतात.

आपणही तेच सुरू केले. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस संध्याकाळी साडेसातला लॉनचे बाकी दिवे बंद, एकच बल्ब चालू, त्याखाली टोपल्यात रॉकेल मिसळलेले पाणी. माळीदादा काठीने निंबाच्या फांद्या हलवतात, मुले खाली चादर धरतात. शेणखत पूर्ण कुजलेलेच घ्यायचे, कारण कच्च्या खतातून हुमणी येते. जूनमध्ये ओल असताना मेटारायझियम खतात मिसळून टाकायचे. ऑगस्टमध्ये चार ठिकाणी फूटभर चौकोन खणून अळ्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. हा हिशेब मात्र मी सोडलेला नाही.

लॉन आजही शंभर टक्के हिरवे नाही. दोन-चार पिवळे ठिपके दरवर्षी दिसतात, तक्रारही येते. येऊ द्या. पण सकाळी फिरायला गेले की निंबाखाली साळुंक्या माती उकरताना दिसतात. ती चिमुरडी आता इंजिनियर झाली, पुण्याला असते. सुट्टीत आली की अजून चादर धरायला खाली उतरते.

नव्या कार्यकारिणीला एवढेच सांगणे : मृग लागला की दिवा लावायला विसरू नका. उशीर झाला तर पुन्हा कोणीतरी औषधाचा ठराव आणेल, आणि तो एकमताने मंजूर होईल.