मुका हशा

१९७९ सालची गोष्ट. अमेरिकेत फ्लोरिडातील एका गोल्फच्या मैदानावर 'कॅडीशॅक' या विनोदी चित्रपटाचे चित्रण चालले होते. साठीकडे झुकलेला एक नट आपले संवाद म्हणून बाजूला आला, तो पार उतरलेल्या चेहऱ्याने. आपले सारे विनोद पडत आहेत अशी त्याची समजूत झाली होती; कारण एक माणूस हसला असेल तर शपथ! अखेर एका सहकाऱ्याने त्याची समजूत घातली, की इथे कोणी हसले तर तो आवाज ध्वनिमुद्रणात उतरेल. म्हणून ही मंडळी ओठ दाबून उभी आहेत.

हे गृहस्थ म्हणजे रॉडनी डेंजरफील्ड. मूळ नाव जेकब कोहेन, जन्म १९२१ चा. बाप रंगमंचावर लोकांना हसवणारा, पण घराला पारखा. पोरगा पंधराव्या वर्षापासूनच विनोद लिहू लागला. पुढे क्लबांतून स्वतः उभा राहिला. पण पोट भरेना, तेव्हा तो नाद सोडून घरांच्या भिंतींना लावायचे ॲल्युमिनियमचे पत्रे विकत हिंडला. चाळिशीत नवे नाव घेऊन परतला आणि १९६७ मध्ये एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दिसला. 'मला कोणी मानच देत नाही' हे त्याचे पालुपद. गळ्यातला लाल टाय चाचपीत तो एकेका वाक्याचा विनोद फेकी, हशा ओसरू लागला की दुसरा. म्हणजे त्याचा ताल प्रेक्षकांच्या हाती. आम्हां शिक्षकांना हे नवे नाही! वर्गात विनोद केला आणि मागचे बाक ढिम्म राहिले, की पुढचे वाक्य घशातच अडकते.

चित्रपटात तो आधार गेला. तरीही 'कॅडीशॅक' १९८० मध्ये लागला आणि त्यातला भडक कपड्यांचा, प्रतिष्ठितांच्या क्लबात धुडगूस घालणारा धनिक लोकांनी डोक्यावर घेतला. मूळची बेताची ही भूमिका त्याच्या ऐनवेळच्या विनोदांनी फुगत गेली होती. १९८३ चा 'इझी मनी' मला बेताचाच वाटतो. पण १९८६ च्या 'बॅक टू स्कूल'मध्ये मुलाच्या सोबतीला स्वतःच कॉलेजात नाव घालणारा श्रीमंत बाप त्याने असा उभा केला, की एकट्या अमेरिकेत या चित्रपटाने नऊ कोटी डॉलर्सच्या वर गल्ला जमवला.

आणि मग १९९४ चा ऑलिव्हर स्टोनचा 'नॅचरल बॉर्न किलर्स'. त्यात रॉडनी मुलीचा छळ करणारा अधम बाप झाला आहे. स्टोनने हा भाग दूरचित्रवाणीवरच्या कौटुंबिक विनोदी मालिकेसारखा रचला, वर आयता ध्वनिमुद्रित हशाही घातला. फ्लोरिडात ज्या हशावाचून हा माणूस कासावीस झाला, तो इथे त्याच्या वाक्यावाक्याला मिळतो. आणि ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो. माझ्या मते त्याचा खरा अभिनय हाच.

पुढच्याच वर्षी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याचा सभासदत्वाचा अर्ज फेटाळला. चाहत्यांनी ओरड केली, तेव्हा अकादमीने पाऊल मागे घेतले. पण या वेळी नकार रॉडनीने दिला. २००४ मध्ये तो वारला. तो लाल टाय आणि पांढरा सदरा मात्र त्याच्या हयातीतच, १९८२ साली, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन पोचला होता.