‘ॲ’ला स्वतःची जागा कशी मिळाली?

गोंदिया जिल्ह्यात मराठी आणि हिंदी, दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. लिपी दोघींचीही देवनागरी. पण एकीत ‘ॲडमिशन’ लिहितात, दुसरीत ‘एडमिशन’. फळ्यावर दोन्ही लिहिता येतात. संगणकात मात्र ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळायला १७ वर्षे लागली. असे का झाले?

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारा एक तक्ता लागतो. शोध, वर्णानुक्रम, छपाई अशी कामे करणाऱ्या साऱ्या आज्ञावल्या या तक्त्यावर उभ्या असतात. तो त्यांचा गाभा. एखादी सोय गाभ्यात घ्यायची, की बाहेर ठेवून भागवायचे, हा प्रश्न आज्ञावली रचणाऱ्या प्रत्येकापुढे येतो.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक स्वीकारले. त्यात एकूण २५६ जागा होत्या. पहिल्या १२८ रोमन अक्षरे, अंक व चिन्हांसाठी आणि उरलेल्या भारतीय लिप्यांसाठी. १९९१ मध्येच जगातील सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ आले. त्याने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. तीत ‘ऍ’ होता, मराठी वळणाचा ‘ॲ’ नव्हता.

मराठीच्या तीन गरजा शेजारी ठेवून पाहू.

पहिली गरज ‘ल’ आणि ‘श’ यांची. मराठीत त्यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे. पण वळण बदलले म्हणून उच्चार किंवा अर्थ बदलत नाही. म्हणून क्रमांक एकच ठेवला आणि वळणाचे काम फाँटवर सोपवले.

दुसरी गरज ‘दऱ्या’ शब्दातल्या अर्ध्या ‘र’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यास’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यास’ बोलावणे यांतला फरक तर जेवणाच्या पंगतीत कळतो! इथे अर्थच बदलतो, तेव्हा काम फाँटवर सोडता येत नाही. पण ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ हे तिन्ही तक्त्यात होतेच. ते ओळीने लिहून भागले. नवा क्रमांक लागला नाही.

तिसरी गरज ‘ॲ’ची. तो ‘ऍ’चेच वळण मानला, तर दोन्ही अक्षरे एका पानावर खात्रीने छापता येणार नाहीत. मग ‘अ’पुढे चंद्राची खूण जोडावी का? पण मात्रा व्यंजनाला लागते, स्वराला नाही. काही संगणकांवर अशा जोडणीत मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. शिवाय ‘आ’, ‘ओ’ हेही ‘अ’ला खुणा जोडल्यासारखेच दिसतात, तरी त्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. मग ‘ॲ’लाच का नको? अखेर २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला २४१८ हा क्रमांक मिळाला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मराठी वर्णमालेत आले.

इतका सावधपणा कशासाठी? युनिकोडमध्ये दिलेला क्रमांक परत घेतला जात नाही. न घेतलेले अक्षर उद्या घेता येते, घेतलेले काढता येत नाही. मात्र थांबण्याचीही किंमत असते. मधल्या काळात ज्यांनी ‘अ’ आणि चंद्र जोडून काम चालवले, त्यांचे लेखन तसेच राहिले. डोळ्यांना दोन्ही ‘ॲ’ सारखे दिसतात, पण युनिकोड त्यांना एक मानत नाही. विद्यार्थ्याचे नाव प्रवेशाच्या यादीत एका रीतीने आणि गुणपत्रकात दुसऱ्या रीतीने टंकले गेले, तर संगणकाच्या दृष्टीने ती दोन नावे होतात.

हे वर्गात पडताळता येईल. ‘ॲलर्जी’ हा शब्द दोन्ही रीतींनी टंकून घ्या आणि मग एका रीतीने शोधा. दुसरा शब्द सापडतो का? आज्ञावलीगणिक उत्तर बदलते का? विद्यार्थ्यांना नोंद ठेवू द्या.