गावठाण : पायी जगण्याची जुनी रचना

पनवेलहून गोव्याच्या दिशेने निघाले, की पळस्पे फाट्याच्या पुढे आणि कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. फडक्यांचा वाडा पाहण्यासाठी येणारा अभ्यागत महामार्ग सोडून गावात शिरतो, तेव्हा त्याच्या चालण्याची गती नकळत बदलते. हा बदल केवळ मनाचा नसतो. जुन्या गावाची मांडणीच त्याला कारण असते.

गावठाण म्हणजे काय?

गावाच्या शिवारातील ज्या जागेवर लोकवस्ती असते, ती जागा म्हणजे गावठाण. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. शेतजमिनीला सातबारा असतो. गावठाणातील घराची नोंद मात्र प्रामुख्याने ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहिली. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचा नकाशा नाही, अशी स्थिती असंख्य कुटुंबांच्या वाट्याला आली. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनच्या साह्याने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यापूर्वी पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावी महाराष्ट्राने हा प्रयोग केला होता.

पाच मिनिटांचे अंतर

गावठाणाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे आटोपशीरपणा. सुपीक जमीन पिकासाठी राखायची, तर घरे एकत्र असणे ओघानेच आले. सामान्य माणूस पाच मिनिटांत सुमारे ४०० मीटर चालतो. लहान गावात देऊळ, विहीर, किराणा दुकान, पिठाची गिरणी आणि प्राथमिक शाळा बहुधा एवढ्याच टापूत सामावतात. अमेरिकी नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये ‘शेजार एकका’ची कल्पना मांडली, तेव्हा शाळेपर्यंतचे अंतर म्हणून त्यांनी साधारण हेच माप धरले. कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये मांडलेली ‘पंधरा मिनिटांच्या शहरा’ची संकल्पना पुढे पॅरिसने स्वीकारली. आपल्या गावांनी मात्र ही मापे कोणत्याही ग्रंथावाचून पाळली. कारण पायांखेरीज रोजचे दुसरे वाहन नव्हते.

ओटी, अंगण आणि आळी

दुसरे वैशिष्ट्य घराच्या दर्शनी भागात आहे. कोकणातील कौलारू घराला पुढे अंगण, मग ओटी वा पडवी, त्यामागे माजघर आणि शेवटी परसू असा क्रम असतो. ओटी ही ना पूर्ण घरातली, ना पूर्ण रस्त्यावरची. तेथे बसलेल्या आजोबांची नजर आळीतून जाणाऱ्या प्रत्येकावर असते. ‘रस्त्यावरचे डोळे’ हेच वस्तीचे खरे संरक्षण, हा विचार जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये मांडला. ओटीवरच्या माणसाला तो अनुभवाने ठाऊक होता.

आळीही सरळसोट नसते. ती वळते, विहिरीपाशी रुंदावते, पिंपळाच्या पारापाशी थबकते. अशा वाटेवर वाहन आपोआप मंदावते आणि मूल निर्धास्त खेळू शकते. उतरत्या छपरांची आणि झाडांची सावली मे महिन्यातही चालणे सुसह्य करते. शहरात मात्र सावली हा रस्त्याच्या आराखड्यातला विषयच उरलेला नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट हवी. आपल्या घरासमोरचा पदपथ वाचकांनी एकदा मोजून पाहावा.

या रचनेचे महत्त्व नव्या वास्तुरचनाकारांनीही ओळखले. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात बेलापूर येथे उभारलेल्या गृहवसाहतीत सात-सात घरे एका लहान अंगणाभोवती योजली. अशा तीन गटांचे मिळून मोठे अंगण, असा तो क्रम वाढत जातो. कमी उंचीच्या घरांतूनही दाट वस्ती साधता येते आणि तरीही प्रत्येक कुटुंबाला आकाशाचा तुकडा मिळतो, हे त्यांनी दाखवून दिले. ही वसाहत ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने ओळखली जाते.

दुसरी बाजू

तथापि, जुन्या गावाचे केवळ गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ही जवळीक सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. जातीनुसार आळ्या पडल्या, दलितांची वस्ती गावकुसाबाहेर ठेवली गेली आणि कातकरी व ठाकूर वाड्या तर डोंगराच्या कडेलाच राहिल्या. सवर्णांच्या घरापासून पाणवठा हाकेच्या अंतरावर असे. इतरांना तेथे हात लावण्याचीही मुभा नव्हती. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या स्त्रीला पायी चालण्याचे कौतुक सांगणे सोपे नाही. याशिवाय अरुंद बोळात रुग्णवाहिका वा अग्निशमन बंब शिरत नाही, सांडपाण्याचा निचरा नीट होत नाही, या अडचणीही खऱ्याच आहेत. त्या दूर केल्याच पाहिजेत. प्रश्न एवढाच, की त्या दूर करताना गावाची घडी मोडायची की नाही?

विमानतळाच्या छायेत

हा प्रश्न पनवेल तालुक्यात आता पुढे ढकलता येणार नाही. सिडकोने १९७० पासून नवी मुंबई वसवताना ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेते गेली, गावठाणे उरली आणि चहूबाजूंनी उंच इमारती उभ्या राहिल्या. वाढत्या कुटुंबांना जागा नसल्याने अंगणे बुजली, ओट्यांवर मजले चढले आणि आळ्यांत मोटारी उभ्या राहू लागल्या. २०१३ मध्ये विमानतळ प्रभावित क्षेत्र म्हणजे ‘नैना’च्या नियोजनाची जबाबदारी सिडकोकडे आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरमध्ये प्रवासी उड्डाणे सुरू झाली. भोवतालच्या गावांवरील दबाव त्यामुळे आणखी वाढणार, हे उघड आहे.

महामार्गाचा परिणाम वेगळाच. २०११ मध्ये पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण सुरू झाले. वाहनासाठी रुंद झालेला रस्ता पादचाऱ्यासाठी नदीसारखा असतो; पूल नसेल तर पलीकडचे गाव दूर जाते. महामार्गालगतच्या कोणत्याही गावाला हा अनुभव चुकत नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. गावठाणातून रस्तारुंदीकरण करण्याऐवजी वाहतूक बाहेरून वळवावी. मोटारींसाठी वेशीपाशी जागा राखावी. बंब शिरत नसेल तेथे बोळाच्या तोंडाशी पाण्याचा नळखांब द्यावा. महामार्ग ओलांडण्यासाठी गावकरी प्रत्यक्ष जेथून जातात, तेथेच भुयारी मार्ग असावा. मोजणीच्या नकाशात घरांबरोबर विहीर, पार आणि पायवाट यांचीही सार्वजनिक जागा म्हणून ठळक नोंद व्हावी. कारण नकाशावर जे नसते, ते विकासात प्रथम नाहीसे होते. आणि गावकुसाबाहेर राहिलेल्या वाड्यांपर्यंत पाणी, शाळा व पक्की वाट आधी पोहोचावी.

शिरढोणचा वाडा इतिहासासाठी जपला जातो, हे योग्यच आहे. पण वाडा एकटा उभा नव्हता. त्याच्याभोवती पायी तुडवलेले एक गाव होते. त्या गावातील वाटा चालत्या राहिल्या, तरच पुढच्या पिढीला तो वाडा कोठे आणि कसा उभा होता, हे समजेल.