डिमेलोंवरचं अकरा वर्षं उशिराचं पत्रक

लोणावळ्याला आपण थांबतो ते चिक्कीसाठी. याच लोणावळ्यात अँथनी डिमेलो नावाचे एक जेझुइट फादर 'साधना' ही संस्था चालवायचे, हे मला फार उशिरा कळलं. जन्म मुंबईचा, १९३१ सालचा. छोट्या छोट्या गोष्टी सांगत ध्यान शिकवायचे: झेन गुरूंच्या, सूफींच्या, आपल्याकडच्याही. पुस्तकं जगभर खपली. १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये अचानक वारले.

आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनचं पत्रक आलं, की यांची काही मतं कॅथलिक श्रद्धेशी विसंगत आहेत, त्यातून गंभीर हानी होऊ शकते. खाली सही कार्डिनल रात्झिंगर यांची, जे २००५ मध्ये पोप झाले. आक्षेप काय? तर देवाला रूप नाही, तो म्हणजे शून्य, असं डिमेलो सुचवतात आणि येशूला अनेक गुरूंपैकी एक करून टाकतात.

सगुण-निर्गुण ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला यात काय बिघडलं तेच आधी कळेना. पण देव येशूतच पूर्णपणे प्रकट झाला, हा तर तिथला पायाच. म्हणजे आक्षेप अगदी उगाच नव्हता. शिवाय सुरुवातीची पुस्तकं ख्रिस्ती साधनेच्या चौकटीत बसतात, हेही पत्रकातच म्हटलंय. मला खटकतं ते वेगळंच. उत्तर द्यायला माणूसच उरला नव्हता! काही पुस्तकं तर त्यांच्या मागे, भाषणांवरून तयार केलेली.

या बाबतीत थॉमस अक्वायनस नशीबवान. मरिया गर्भात आली त्या क्षणापासूनच आदिपापापासून मुक्त होती, हे त्यांना मान्य नव्हतं. तरी १३२३ मध्ये ते संत झाले. १८५४ मध्ये पोप नववे पायस यांनी नेमका तोच सिद्धांत सक्तीचा केला. थॉमसचं संतपद कुणी काढलं नाही, कारण ते लिहीत होते तेव्हा प्रश्न खुला होता. (गंमत म्हणजे त्यांना संत करणारे पोप बाविसावे जॉन स्वतःच १३३१ पासून भलतंच प्रवचन देत होते: मेलेल्या पुण्यात्म्यांना शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही म्हणे. १३३४ मध्ये मरणशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं.)

डिमेलोंना ती संधीच नव्हती.

असो. त्यांची पुस्तकं आजही मिळतात. काही आवृत्त्यांत सुरुवातीला एक टीप असते, की हे लेखन इतर धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्या वाचकांनाही समोर ठेवून केलेलं आहे. पहिल्यांदा वाचताना मी ती सरळ उलटून पुढे गेलो होतो. पहिली पानं वाचतंय कोण!